आवळ्याला लोखंड लावू नकोस

काल फोनवर म्हणालीस, "आजी, आवळे चिरून ठेवले आणि तासाभरात निळे-काळे पडले. टाकून देऊ का?" टाकू नकोस गं. विष नाही झालेलं त्यात. पण कशाने चिरलेस ते मी न विचारताच ओळखलं. तुझ्या आईने बाणेरला घर लावताना दिलेली ती जुनी लोखंडी विळी असणार. तिची ताकद मला ठाऊक आहे, कारण लग्नानंतरच्या पहिल्याच कार्तिकात मीही त्याच विळीवर दीड किलो आवळे चिरले होते. आणि पाक केला तोही लोखंडी कढईत. सकाळी कढईत शाई होती. सासूबाई ओरडल्या नाहीत. शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "आवळ्याला लोखंड लावायचं नाही, तांब्यात ठेवायचं नाही, आणि चिरून वाट बघायची नाही."

त्या चौथी शिकलेल्या. मी त्यानंतर तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतली आणि त्यांच्या या तीन वाक्यांत खोट काढता आली नाही. तुला आज ती तीन वाक्यं आणि त्यामागचं कारण, दोन्ही देते. नुसता नियम विसरायला होतो.

लोखंडाचं आधी. आवळा तुरट लागतो तो त्यातल्या टॅनिनांमुळे. टॅनिन म्हणजे मोठाले रेणू, आणि त्यांच्या पोटात गॅलिक आम्लाचे तुकडे जोडलेले असतात. 'गॅलिक' हे नाव कशावरून आलं माहीत आहे? तुझ्या बाळगुटीत मी मायफळ उगाळायचे. ते खरं फळ नव्हेच. ओकच्या झाडावर कीटकामुळे येणारी गाठ आहे ती. इंग्रजीत तिला गॉल म्हणतात, त्यावरून गॅलिक. मायफळ, हिरडा, आवळा, सगळे एकाच तुरट घराण्यातले. या घराण्याला लोखंड भेटलं की काळा-निळा रंग तयार होतो. युरोपात कित्येक शतकं लिहायची शाई मायफळ आणि हिराकस घालूनच करत होते. तू पाटावर शाईच केलीस म्हण ना.

म्हणून चिरायला स्टीलची सुरी, शिजवायला स्टीलचं पातेलं, ठेवायला काच किंवा चिनी मातीची बरणी. लोखंडी कढई फेकू मात्र नकोस. आवळकाठी भिजवून त्याच कढईत रात्रभर ठेवली की सकाळी काळंभोर पाणी होतं, ते केसांना लाव. खाण्यात जो दोष, तोच केसांना गुण. आवळकाठी तुला रविवार पेठेत काष्ठौषधींच्या दुकानात मिळेल. मागताना 'वाळलेला आवळा' म्हणू नकोस, 'आवळकाठी' म्हण. दुकानदार लगेच समजून बरा माल काढतो.

आता तांबं. आपल्या कसबा पेठेत तांबट आळी आहे, तिथून माझ्या सासूबाईंनी घागर, बंब, पातेली सगळं आणलेलं. पण आंबट काही करायचं तर त्या आधी भांडं उलटं करून कल्हई बघायच्या. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक, चिंच, आवळा कळकतो. कळकलेलं खाल्लं की मळमळतं, कारण आंबटाने तांबं विरघळून अन्नात उतरतं. हे झालं सगळ्यांना माहीत असलेलं. दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. तांब्याचा अगदी किंचित अंशही क जीवनसत्त्वाच्या नाशाचा वेग वाढवतो. हवेतला ऑक्सिजन ते काम हळू करतो, तांबं मध्ये पडलं की भराभर. तुमच्या सोसायटीत हल्ली तांब्याच्या भांड्यातलं पाणी पितात, त्यातच आवळ्याचा रस पिळतात, असं तू सांगत होतीस. पाणी प्यायचं तर वेगळं प्या, रस वेगळा घ्या. एकत्र करून दोन्ही वाया.

तिसरं वाक्य सगळ्यात मोलाचं: चिरून वाट बघायची नाही. क जीवनसत्त्व, ज्याला आम्ही अॅस्कॉर्बिक आम्ल म्हणतो, ते दोन पायऱ्यांनी उतरतं. पहिल्या पायरीला त्याचं डीहायड्रोअॅस्कॉर्बिक आम्ल होतं. तेही शरीराला चालतं, शरीर ते पुन्हा मूळ रूपात आणू शकतं. पण तिथून आणखी एक पायरी खाली गेलं की परतीची वाट बंद. अख्ख्या आवळ्यात साल असते, आंबटपणा असतो, आत हवा कमी, म्हणून तो टिकतो. आंबटपणा हे आवळ्याचं स्वतःचं चिलखतच आहे. आपण चिरला की किती पेशी फुटल्या, किती हवा लागली, याचा हिशेब सुरू होतो. अँटिऑक्सिडंट म्हणजे तरी काय? दुसऱ्याच्या आधी स्वतः ऑक्सिजनला सामोरं जाणारा पदार्थ. सफरचंदाच्या फोडी आवळ्याच्या रसात घोळून ठेव, त्या तांबूस पडायला वेळ लागतो, कारण तो मार आवळा अंगावर घेतो. आता तोच आवळा आपण ताटलीत उघडा टाकून ठेवला तर तो हवेशी झुंजत राहणार. मग तुझ्यासाठी काय उरणार?

हे पटत नसेल तर घरात करून बघ. औषधाच्या दुकानातलं जखमेला लावायचं बीटाडीन आहे ना तुझ्याकडे? अर्धा पेला पाण्यात चमचाभर भाताची पेज घाल आणि बीटाडीनचे चार-पाच थेंब टाक. पेजेतला स्टार्च आणि आयोडीन मिळून गडद निळा रंग येईल. असे तीन पेले कर, तिन्हीत माप सारखं. पहिल्यात आत्ता पिळलेला आवळ्याचा रस थेंबाथेंबाने सोड. निळा रंग ढगासारखा फाटत जातो आणि एका थेंबाला पाणी एकदम स्वच्छ होतं. तो क्षण मी किती मुलींना दाखवला असेन, पण आजही बघताना हात थांबतो. दुसऱ्या पेल्यात सकाळी चिरून उघड्या ठेवलेल्या आवळ्याचा रस सोड. थेंब जास्त लागतील. तिसऱ्यात आवळे उकडल्यावर जे पाणी आपण मोरीत ओततो ते सोड, आणि बघ त्यानेही रंग जातो ते. म्हणजे गुण कुठे चालला होता? मोरीत. हा रंग एकट्या क जीवनसत्त्वाने जातो असं नाही, टॅनिनंही आयोडीनला ओढतात. म्हणून याला मोजमाप समजू नकोस, डोळ्यांनी पटवून घ्यायची खूण समज. आणि प्रयोग झाला की तिन्ही पेले ओतून दे. खेळात पिऊन टाकशील, म्हणून सांगते.

तू मला जाहिरात पाठवली होतीस, 'एका आवळ्यात वीस संत्र्यांचं क जीवनसत्त्व' अशी. आकड्यांच्या मागे लागू नकोस. जुन्या भारतीय तक्त्यांत शंभर ग्रॅम आवळ्यात ६०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लिहिलेलं असायचं. मीही फळ्यावर तेच लिहीत आले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली नवे तक्ते काढले, त्यात ते २५० च्या आसपास आहे. यात आवळ्याचा काही अपमान नाही. मोजायच्या पद्धती सुधारल्या, जातीही बदलल्या. एकेकाळी क जीवनसत्त्व समजून मोजलेला काही भाग गॅलिक आम्लाच्या भावंडांचा होता, असंही पुढे दिसून आलं. आता हिशेब कर. मध्यम आवळ्याचा गर पस्तीस ग्रॅम धर. त्यात जवळजवळ ८८ मिलिग्रॅम झाले. बाईमाणसाला दिवसाला ६५ आणि पुरुषाला ८० लागतात असं २०२० सालच्या भारतीय शिफारशीत आहे. म्हणजे माणशी एक आवळा, ताजा, पुरे. जास्तीचं क जीवनसत्त्व शरीर साठवून ठेवत नाही, लघवीवाटे टाकतं. रोज चार आवळ्यांचा रस पिऊन चौपट फायदा होत नाही. आणि आवळे संपले की पेरू खा. पेरू फार मागे नाही, हे आपल्याकडे कोणी मोठ्याने सांगत नाही.

मग आवळ्याची एवढी महती कशाला, असं विचारशील. कारण तो नुसता क जीवनसत्त्वाचा डबा नाही. १९९६ साली भारतीय संशोधकांनी आवळ्यातून दोन टॅनिनं वेगळी काढल्याचं लिहिलं आणि त्यांना आवळ्याच्याच लॅटिन नावावरून एम्ब्लिकॅनिन 'अ' आणि 'ब' अशी नावं दिली. त्यांच्या रचनेबद्दल शास्त्रज्ञांत पुढे मतभेद झाले, तसे ते होतातच. पण गॅलिक आम्ल, एलॅजिक आम्ल, कोरिलॅजिन, हिरड्यातही सापडणारं चेब्युलॅजिक आम्ल, थोडं क्वेर्सेटिन, ही सगळी मंडळी आवळ्यात नांदतात याबद्दल वाद नाही. ती टॅनिनं क जीवनसत्त्वापेक्षा चिवट. उष्णतेने त्यांचे तुकडे पडतात, पण त्या तुकड्यांतलं गॅलिक आम्लही अँटिऑक्सिडंटच असतं. म्हणून च्यवनप्राशाबद्दल माझं मत असं की त्यात क जीवनसत्त्व शोधत बसू नये. आवळे उकडले, गर तुपा-तेलात परतला, पाकात शिजवला, त्यात ते फारसं कुठून उरणार? जे उरतं ते या चिवट मंडळींचं.

आणि एक प्रामाणिकपणे सांगते. परीक्षानळीत जो पदार्थ भारी अँटिऑक्सिडंट ठरतो तो पोटात गेल्यावर तसाच वागतो असं नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट शक्तीची एक मोठी यादी केली होती, ती २०१२ साली स्वतःच मागे घेतली, कारण त्या आकड्यांवरून शरीरात काय होईल ते सांगता येत नाही आणि विकणारे मात्र ते आकडे डब्यांवर छापत सुटले होते. एलॅजिक आम्लाचंच बघ. ते आतड्यातून फारसं शोषलं जात नाही. आतड्यातले जिवाणू त्याचं युरोलिथिन बनवतात, ते शरीरात जातं. आणि हे काम सगळ्यांच्या पोटातले जिवाणू सारखं करत नाहीत. तुला मानवलेला आवळा तुझ्या नवऱ्यालाही तितकाच मानवेल, असं म्हणूनच कोणी छातीठोकपणे सांगू नये.

पण आवळ्याने माणसं वाचवलीत हेही खरं. १९३९-४० च्या सुमाराला हिसार भागात, म्हणजे आजच्या हरियाणात, मोठा दुष्काळ पडला. हिरवं काही खायला नाही, हिरड्यांतून रक्त येणारा स्कर्व्ही पसरलेला. तिथे वाळवलेल्या आवळ्याने रोगी बरे केल्याची नोंद त्या काळच्या पोषणशास्त्राच्या पुस्तकात आहे. वाळवलेल्या आवळ्यातही कामापुरतं उरतं, याची यापेक्षा मोठी साक्ष मला नको.

वाळवायचा असेल तर मात्र सावलीत वाळव. गच्चीवरच्या कडक उन्हात आवळा सुपारी लवकर होते, पण उष्णता आणि उजेड दोघं मिळून क जीवनसत्त्व खातात. आवळा किसायचा (स्टीलच्या किसणीवर), त्याला मीठ, जिरेपूड, आल्याचा रस लावायचा, ताटात पातळ पसरायचा, वर पातळ मलमल, आणि पंख्याखाली किंवा खिडकीच्या सावलीत दोन-तीन दिवस. शेवटी तासभर ऊन दाखवलं तर चालेल. पातळ पसरायचा हे विसरू नकोस. जाड थर लावलास तर आतला ओला राहतो आणि बुरशी धरतो.

मोरावळ्याचं तुला कागदावर लिहून हवं होतं ना? एक किलो आवळे, सवा किलो साखर. आवळे धुऊन चाळणीत ठेवून वाफव, पाण्यात बुडवून उकडू नकोस. आवळ्यावर सहा फिक्या रेघा असतात, बघितल्यास? वाफ पुरेशी झाली की त्या रेघांवरच तो उकलायला लागतो. तिथे गॅस बंद. बोटाने दाबलं की सहा पाकळ्या आपोआप सुटतात, बी मधे राहते, सुरीसुद्धा लागत नाही. पाकळ्या आणि साखर थरावर थर लाव आणि रात्रभर झाकून ठेव. सकाळी पातेलं पाण्याने भरलेलं दिसेल. ते पाणी साखरेने आवळ्यातून ओढून काढलेलं. आता पाकळ्या झाऱ्याने उपसून बाजूला काढ आणि नुसता पाक आटव. चाळणीखाली वाफेचं जे पाणी उरलं तेही त्यातच घाल. पाक दोनतारी झाला की पाकळ्या आत, एक उकळी, बास. बायका चूक करतात ती इथे. पाकळ्यांसकट तासभर रटरटवतात. आटवायचं आहे पाणी, फळ नव्हे.

काहीजणी फोडी कडक राहाव्यात म्हणून चुन्याच्या निवळीत भिजवतात. चुन्यातलं कॅल्शियम फळातल्या पेक्टिनला घट्ट धरतं, म्हणून फोड मोडत नाही, हे बरोबर. पण चुना आंबटपणाचा वैरी, आणि आंबटपणा गेला की आवळ्याचं चिलखत गेलं. मी निवळी चाळीस वर्षांपूर्वी सोडली. फोड जरा मऊ होते, होऊ दे.

ज्याला साखर नको त्याच्यासाठी मिठाच्या पाण्यातले आवळे. पाणी उकळून गार केलेलं, चाखल्यावर तोंड वाकडं होईल इतकं खारट. अख्खे आवळे त्यात पूर्ण बुडलेले हवेत, तरंगले तर वर छोटी बशी उपडी घाल. बरणीला दादरा बांध. इथे आच नाही, हवा नाही, लोखंड नाही, तांबं नाही, चिरणं नाही. सासूबाईंच्या तिन्ही गोष्टी पाळल्या जातात, म्हणून मला स्वतःला हाच प्रकार सगळ्यात आवडतो. फक्त रक्तदाबवाल्याने आवळा धुऊन, अर्धाच खावा. आणि काहीच करायला वेळ नसेल तर अख्खे आवळे धुऊन, पुसून सरळ फ्रीजरमध्ये टाक. गोठलेला आवळा थेट वरणात किसता येतो. वरण उतरवल्यावर किसायचा, आधी नाही.

खरेदीचं. कार्तिकात मंडईत आवळ्यांचे ढीग लागतात. तुळशीच्या लग्नाआधी आवळा खायचा नाही अशी आपल्या घरची रीत, त्यामुळे कोवळा, निव्वळ आंबट-तुरट आवळा कोणी आणत नाही आणि झाडावर तो नीट भरतो. मी तर पौष-माघातल्या आवळ्याची वाट बघते, तो पिवळसर झालेला असतो. चरकसंहितेत रसायनाच्या एका पादाचं नावच 'करप्रचितीय' आहे, म्हणजे हाताने तोडलेल्या आवळ्यांचा. त्यात आवळ्याच्या चूर्णाला माघ किंवा फाल्गुनात आवळ्याच्याच ताज्या रसाच्या एकवीस भावना द्यायला सांगितलंय. चूर्ण रसात भिजवायचं, सुकवायचं, पुन्हा भिजवायचं. मला यात दोन गोष्टी दिसतात. झाड झोडपून पाडलेला आवळा नको, कारण आपटलं की आतून पेशी फुटतात आणि तिथूनच काळं पडायला सुरुवात होते. आणि फळ पूर्ण तयार हवं. आवळा हातात घेऊन फिरवून बघ. तपकिरी मऊ डाग असेल तर तो झाडाखाली पडलेला. मोठे, गुळगुळीत, अर्धपारदर्शक असतात ते कलमी, मोरावळ्याला छान. मावळातल्या, मुळशी-वेल्ह्याकडच्या बायका टोपलीत छोटे, दोरेदार डोंगरी आवळे घेऊन बसतात, ते लोणच्याला आणि मिठाच्या पाण्याला घे. तुरटपणा त्यांच्यात जास्त. भाव करताना त्यांच्याशी घासाघीस करू नकोस, प्रत्येक आवळा डोंगरात चढून हाताने तोडलेला असतो.

आणि शेवटचं, जे मी कोणालाही आवळा देण्याआधी विचारते. मूतखडा झालेला असेल तर रोजचा आवळ्याचा रस डॉक्टरांना विचारून, कारण जास्तीच्या क जीवनसत्त्वाचं शरीरात ऑक्झलेट होतं. रक्त पातळ करणाऱ्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तरी विचारून. तुझ्या सासऱ्यांना मोरावळा 'औषधी आहे' म्हणून वाटीभर देऊ नकोस. त्यात आवळ्यापेक्षा साखर जास्त आहे, वजन करून तूच घातली आहेस. त्यांना ताजा आवळा, मीठ लावून, जेवताना एक फोड.

काळे पडलेले ते आवळे आज रात्री लोखंडी कढईतच घाल, थोडं पाणी टाक आणि उद्या केसांना लाव. नवे आवळे मी आणून ठेवलेत, दोन किलो, अख्खे. शनिवारी येताना तुझी चिनी मातीची बरणी घेऊन ये, उन्हात तापवून. दादऱ्याचं कापड इथे धुऊन घडी करून ठेवलंय.